बारा वर्षं कापू नका, तीच कादंबरी आहे

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते. नायिका १९६९ च्या नाशकातली, तिवंध्यातल्या वाड्यात राहणारी तेवीस वर्षांची प्राथमिक शिक्षिका. वडील नाशिकरोडच्या प्रेसमध्ये. गंगेला, म्हणजे गोदावरीला, महापूर आलेला असताना २०२४ मधला एकोणतीस वर्षांचा तरुण वाड्याच्या जिन्यावरून तिच्या काळात उतरतो, अकरा दिवस राहतो, दोघं एकमेकांत गुंततात आणि तो निघून जातो. त्याच्याकडे तीन आठवडे उलटतात, तिच्याकडे बारा वर्षं. १९८१ मध्ये तो कायमचा परत येतो, लग्न होतं, कादंबरी संपते. मधल्या बारा वर्षांना तुम्ही नव्वद पानं दिली आहेत. ज्यांनी वाचलं त्यांचं म्हणणं, इथे कादंबरी बसते आणि नायिका बिचारी वाटते. मग ही पानं काढून सरळ 'बारा वर्षांनंतर' असं लिहावं का, हे तुम्ही विचारता.

नका. मी बरीच वर्षं मराठी कादंबऱ्यांचं संपादन करते आहे. प्रेमकथेचा मधला भाग रेंगाळला की लेखक आधी कात्रीला हात घालतो, हे नेहमी पाहते. तुमच्या बाबतीत त्याने नुकसान होईल. कालप्रवासाच्या प्रेमकथेत प्रवास लागतो तो घटना घडवायला. प्रेम किती खोल आहे हे वाचकाला कळतं ते मागे राहिलेल्या माणसाच्या दिवसांवरून. जिन्यावरून ये-जा करणाऱ्याच्या अंगाला काळ लागतच नाही. तिला मात्र एकेक दिवस जगून काढावा लागतो, म्हणून तिचा काळ हाच कादंबरीचा काळ. तुमची नव्वद पानं जड झाली आहेत, कारण त्यांत ती वाट पाहण्यापलीकडे काहीच करत नाही. खिडकीत उभी राहते, पाऊस पडतो, तिला त्याची आठवण येते. ती वर्गात काय शिकवते, पगार कुठे जातो, कोणावर चिडते, कशाला हसते, यातलं काही मला सापडलं नाही.

आता वयाचं बघा. १९६९ मध्ये ती तेवीस, तो एकोणतीस. १९८१ मध्ये ती पस्तीस आणि तो अजून एकोणतीसच. आधी तो सहा वर्षांनी मोठा होता, आता ती सहा वर्षांनी मोठी आहे. अख्ख्या हस्तलिखितात या हिशोबाला एक वाक्यही मिळालेलं नाही. दोघं जिन्यात भेटतात आणि मिठी मारतात, जणू सारखेच थांबले होते. ते सारखे थांबलेले नाहीत. त्याच्या मनातला तिचा चेहरा तीन आठवड्यांपूर्वीचा, ताजा आहे. तिच्या मनातला त्याचा चेहरा बारा वर्षं पुन्हा पुन्हा आठवून पुसट झाला आहे. त्याचा आवाज तिला नीट आठवेनासा झाला आहे आणि हे तिने कोणालाही सांगितलेलं नाही. पुरात वाहून आलेलं लाकूड ओढताना त्याचा तळहात फाटला होता आणि तिने हळद दाबून चिंधी बांधली होती, हा प्रसंग तुम्ही फार छान लिहिला आहे. मग १९८१ मध्ये ती जखम अजून पुरती भरलेली नसणार! त्याच्या दृष्टीने ती तीन आठवड्यांचीच आहे. पस्तीस वर्षांच्या बाईने आपणच तेविसाव्या वर्षी बांधलेल्या जखमेची खपली पाहायची, आणि तेव्हाच तिच्या हातावरच्या शिरा वर आलेल्या त्याला दिसायच्या. मिठी त्यानंतर. कदाचित त्या दिवशी नाहीच.

१९६९ मध्ये ती त्याला 'तुम्ही' म्हणत होती. शाळेत दरारा असलेली पस्तिशीतली बाई त्याच मुलाला काय म्हणून हाक मारेल, हे लिहिण्याआधी ठरवा. तिथे चुकलात तर सगळा प्रसंग खोटा पडेल.

पुढचा मुद्दा कारणाचा. तो तीन आठवडे का थांबला? तुमचं उत्तर आहे की जिना उघडला नाही. हे यंत्राचं कारण झालं आणि यंत्रावर कोणी रागावत नाही. आपल्याकडे वाट पाहणं हे दुबळ्याचं काम कधीच मानलं गेलं नाही. पंढरपूरचा विठ्ठल स्वतः विटेवर उभा राहून वाट पाहतो आहे. पण त्या कथेतलं पुंडलिकाचं कारणही बघा: तो आईवडिलांच्या सेवेत होता. थांबवणाऱ्याचं कारण वाट पाहणाऱ्याच्या तोलाचं आहे, म्हणून ती कथा टिकली. तुमच्या नायकालाही असं कारण द्या. साहित्य हस्तलिखितातच आहे. त्याच्या आईच्या आजारपणाचा उल्लेख तुम्ही एका परिच्छेदात करून सोडून दिला आहे.

आता तो उल्लेख जिन्याच्या नियमाशी जोडा. तीन आठवड्यांत बारा वर्षं, म्हणजे त्याचा एक दिवस हे तिचे साधारण सात महिने. समजा हा हिशोब त्याला चौथ्या दिवशी कळला. आईचं ऑपरेशन दोन दिवस पुढे गेलं तर तिचं वर्ष उलटून जातं. दवाखान्यात औषधांच्या रांगेत दोन तास उभं राहिलं की तिकडे अडीच आठवडे गेले. त्याला हे माहीत आहे आणि तरी तो आईजवळ थांबतो. इथे वाचक त्याच्यावर चिडेल आणि त्याला दोषही देऊ शकणार नाही. तुमच्या कादंबरीला ही कोंडी हवी आहे.

काळ दोन ठिकाणी दोन वेगांनी चालतो ही कल्पना मराठी वाचकाला परकी नाही, त्यामुळे ती समजावण्यात पानं घालवू नका. भागवतात रैवत ककुद्मी राजा मुलीला, रेवतीला, घेऊन ब्रह्मदेवाकडे वर विचारायला जातो. तिथे गाणं चालू असतं म्हणून थोडा वेळ थांबतो. तेवढ्यात पृथ्वीवर सत्तावीस चतुर्युगं उलटतात, आणि शेवटी रेवतीचं लग्न बलरामाशी होतं. त्या कथेत एक गोष्ट सांगितलेलीच नाही: राजाच्या नगरीत त्या दोघांची वाट पाहत कोण कोण राहिलं आणि त्यांचं काय झालं. तुमची कादंबरी त्या न सांगितलेल्या बाजूची आहे. विज्ञानाचा आधार हवाच असेल तर तोही तिच्याच काळात आहे. ऑक्टोबर १९७१ मध्ये हाफेले आणि कीटिंग यांनी सीझियमची आण्विक घड्याळं प्रवासी विमानांतून पृथ्वीभोवती फिरवली आणि जमिनीवरच्या घड्याळांशी पडलेला फरक मोजला. फरक अब्जांश सेकंदांचा होता, पण होता. एका ओळीपेक्षा जास्त जागा याला देऊ नका.

तिच्या बारा वर्षांकडे येते. वाट पाहणं दिसायला वस्तू लागते, आणि ती तुमच्याकडे आहे. जाताना त्याच्या खिशातून दहा रुपयांची नोट पडते. चॉकलेटी रंगाची, पुढे गांधीजी, मागे कोणार्कच्या सूर्यमंदिराचं चाक आणि छपाईचं साल २०१९. ती ती नोट पेटीत ठेवते आणि तुम्ही पुन्हा तिच्याकडे फिरकत नाही. अहो, तिचे वडील प्रेसमध्ये आहेत! नाशिकरोडला सिक्युरिटी प्रेस १९२५ पासून आणि करन्सी नोट प्रेस १९२८ पासून आहे. कागद बोटात धरून ओळखणारी माणसं त्या भागात घरोघर असणार. अशा घरात ही नोट सापडली तर बनावट नोट बाळगल्याचा संशय, वडिलांच्या नोकरीवर गदा, पोलीस. म्हणजे त्याची एकमेव खूण घरात ठेवणं हेच धोक्याचं. तिला ती सारखी हलवावी लागेल: पेटीतून गादीत, गादीतून देव्हाऱ्याच्या फळीमागे.

आणि वेळ कशी साधली आहे बघा. तो गेला पुराच्या दिवसांत, १९६९ च्या पावसाळ्यात. त्याच वर्षी गांधी जन्मशताब्दीनिमित्त गांधीजींचं चित्र असलेल्या नोटा पहिल्यांदा निघाल्या, बसलेले गांधीजी आणि मागे सेवाग्राम. तोवर तिने नोटेवर गांधीजी पाहिले होते ते फक्त त्याच्या नोटेवर. मनात शंका होतीच की हा माणूस थापा मारून गेला. एका संध्याकाळी वडील नवी नोट आणून कौतुकाने आईच्या हातात ठेवतात. ती स्वयंपाकघराच्या दारातून बघते. तिला बोलता येत नाही, हसताही येत नाही. भाकरी तव्यावर करपते. तिचा विश्वास त्या क्षणी बसतो आणि वाट पाहणं तिथून सुरू होतं. तुम्ही ते तो गेल्याच्या रात्रीपासून सुरू केलं आहे. तेव्हा ते नुसतं दुःख आहे.

दुसरी वस्तू पत्रं. तुम्ही पत्रांचा मार्ग बंद आहे असं मानलं आहे, कारण भविष्यात टपाल जात नाही. जातं की. मागून पुढे जायला पत्राला काही चमत्कार लागत नाही, फक्त टिकावं लागतं. तिने आंतरदेशीय पत्रं लिहून जिन्याखालच्या कोनाड्यात विटेमागे ठेवली तर ती २०२४ मध्ये त्याला मिळू शकतात, वाडा उभा राहिला तर. जुन्या नाशकातले वाडे पावसाळ्यात कसे ढासळतात हे तुम्हाला सांगायला नको, त्यामुळे या 'तर' मध्ये आपोआप ताण आहे. मग तिने बारा वर्षांत लिहिलेलं तो एका रात्रीत वाचायला बसतो. १९७४ च्या पत्रात ती लिहिते की आलेल्या स्थळाला तिने होकार दिला आहे. पुढचं पत्र त्याच्या हातात आहे, न उघडलेलं. ते त्याने लगेच उघडू नये. बाहेरच्या खोलीत आई झोपलेली आहे, दर तासागणिक तिकडे नऊ-एक दिवस जात आहेत, आणि हा एक कागद फोडायला धजत नाही. त्यालाही वाट पाहायला लावायची जागा ही.

हो, होकार मी मुद्दाम म्हटलं. तुमची नायिका बिचारी वाटते याचं कारण इथे आहे: तिला सोडून जाण्याचा रस्ताच तुम्ही ठेवलेला नाही. जिच्यापुढे दुसरी वाटच नाही तिचं थांबणं हे प्रेम आहे की नाइलाज, हे वाचकाला कसं कळणार? एक चांगलं स्थळ येऊ द्या. खरोखर चांगलं. दारूडा किंवा हुंडा मागणारा आणलात तर नकार सोपा होतो. मनमाडकडचा, वाचणारा, तिच्या नोकरीला हरकत नसलेला, तिच्याशी समोर बसून बोलणारा माणूस असू दे. सुपारी फुटू दे. तिला तो आवडूही दे.

आणि थांबण्याची किंमत तिने एकटीने भरू नये. धाकटी बहीण आहे ना? 'मोठीचं झाल्याशिवाय धाकटीचं कसं करायचं' हे वाक्य १९७० च्या नाशकात घराघरात बोललं जात होतं. मोठी कशासाठी थांबली आहे हे माहीत नसताना धाकटी पाच वर्षं अडकते. एक दिवस ती विचारते, 'ताई, तुझं नक्की काय आहे ते सांग, म्हणजे मला तुझा राग तरी नीट धरता येईल.' ताईला सांगता येत नाही. हा प्रसंग मला वाचायचा आहे. तुमच्या नव्वद पानांत बहीण दोनदा चहा घेऊन येते, बाकी काही नाही.

शाळेत तिची एक मैत्रीण ठेवा असंही सुचवते. जिचे वडील काळाराम मंदिराच्या सत्याग्रहात होते अशी. २ मार्च १९३० ला डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली तो सुरू झाला आणि कित्येक वर्षं माणसं त्या दाराशी उभी राहिली. मग १३ ऑक्टोबर १९३५ ला याच जिल्ह्यात, येवल्यात, बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही ही घोषणा केली. प्रेमकथेतल्या थांबण्याशी मी याची बरोबरी करत नाही, तुम्हीही करू नका. पण ज्या घरात दाराशी उभं राहण्याची आणि पाठ फिरवण्याची अशी दोन्ही आठवण आहे, तिथून आलेली बाई तुमच्या नायिकेला जो प्रश्न विचारेल तो वाड्यातली कोणीही विचारणार नाही. किती थांबायचं हे तू ठरवलं आहेस की त्याने, असं ती विचारेल.

इथेच मला हस्तलिखितातल्या एका वाक्याबद्दल कडक बोलायचं आहे. जाण्याच्या आदल्या रात्री नायक तिला सांगतो की सार्वजनिक वाचनालयाच्या जुन्या सभासद नोंदीत १९८० सालीही तुझं नाव माहेरचंच आहे, म्हणजे तू माझी वाट पाहणार आहेस, मला माहीत आहे. तुम्हाला ते रोमँटिक वाटलं. मला वाचताना अंगावर काटा आला, आणि चांगला नव्हे. ज्याला पुढचं माहीत आहे त्याने समोरच्याला त्याचं पुढचं आयुष्य सांगून टाकलं की तिची निवड संपली. मग बारा वर्षं ती त्याचं वाक्य पाळते आहे असं होतं. ते वाक्य काढा. वाचनालयाची नोंद मात्र ठेवा. ही संस्था १८४० पासूनची आहे आणि तिथे बसून जुनी नावं शोधणारा नायक मला पटतो. त्याने ती नोंद पाहावी आणि तिच्याशी बोलताना गिळून टाकावी. न सांगणं हे त्याचं प्रेम.

काळाची जाण आणायला साल टाकण्यापेक्षा शहराकडून घ्या. बहात्तरचा दुष्काळ तुमच्या बारा वर्षांत येऊनही पानांवर नाही, हे मला समजलंच नाही. सिन्नरकडे तिचं आजोळ असेल तर मामाची माणसं खडी फोडायच्या कामावर गेलेली असतील, वाड्यात चार भावंडं राहायला आलेली असतील. तिला महिनोन्‌महिने त्याची आठवण काढायला फुरसत नसेल आणि हे लक्षात आल्यावर तिला अपराधी वाटेल. त्या अपराधी वाटण्यात प्रेम जास्त दिसेल, खिडकीतल्या पावसापेक्षा.

१९८० चा सिंहस्थही तिच्या वाटेत आहे. गुरूला सूर्याभोवती फिरायला ११.८६ वर्षं लागतात, तो सिंह राशीत आला की आपला मेळा. तुमची बारा वर्षं म्हणजे जवळजवळ तेवढीच. रामकुंडावरचं गंगा-गोदावरीचं मंदिर एरवी बंद असतं, सिंहस्थात उघडतं. त्याला काळाचं दार करण्याचा मोह तुम्हाला होईल, तो टाळा. तिला मात्र तो मोह होऊ द्या. बारा वर्षांनी दार उघडतंय तर आज काहीतरी होईल अशा आशेने तिने रांगेत उभं राहावं, दर्शन घ्यावं, गर्दीतले चेहरे पाहावेत आणि चपला शोधून घरी यावं. तो येईल पुढच्या वर्षी, कुठल्याही योगाशिवाय, ती वह्या तपासत असताना.

किरकोळ दुरुस्त्या: १९७० च्या पत्रावर तुम्ही ४२२००१ घातलं आहे, पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाले. पंचवटी एक्सप्रेस १९७५ ची आहे, त्याआधी तिला दुसऱ्या गाडीने मुंबईला पाठवा. १९८१ मध्ये नाशकात नगरपालिका होती, महापालिका १९८२ पासून. आणि परत आलेल्या नायकाकडे जन्मदाखला नाही, शाळा सोडल्याचा दाखला नाही. रेशनकार्डावर त्याचं नाव कसं चढलं हे कुठेतरी सांगावं लागेल. त्यात प्रेसमधले वडील काय भूमिका घेतात, यावर एक अख्खं प्रकरण होऊ शकतं.

आता सगळ्यात मोठी गोष्ट. तुम्ही कादंबरी १९८१ च्या लग्नावर संपवता. पण तो कायमचा आला आहे आणि जिना उतरला तेव्हा एकोणतीस वर्षांचा होता. म्हणजे १९९५ मध्ये तो त्रेचाळीस वर्षांचा असेल, आणि याच शहरात त्याचाच जन्म होईल. ज्या आईसाठी त्याने नायिकेची बारा वर्षं घालवली ती आता तरुण, बाळंतीण, आणि त्याच्यासाठी परकी. तो तिला भेटू शकत नाही. गंगापूर रोडला एखाद्या दुकानात ती शेजारी उभी राहून सुटे पैसे मागेल तर त्याने काय करायचं? वाट पाहण्याची नायिकेची पाळी संपली आणि त्याची सुरू झाली.

तिचाही हिशोब मांडा. तिचा जन्म १९४६ चा, अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्ती, म्हणजे २००४. तेव्हा तो मुलगा नऊ वर्षांचा आहे. नोकरीच्या शेवटच्या वर्षी जूनमध्ये हजेरीपट हातात येतो आणि त्यात तिला ते नाव दिसतं. तुम्ही हे कसं लिहाल मला माहीत नाही, पण माझं मत सांगते: तिने मुख्याध्यापकांना सांगून त्याला दुसऱ्या तुकडीत घालून घ्यावं. कारण सांगू नये. ज्याचं पुढचं आपल्याला माहीत आहे त्याला आपल्या हाताने घडवायचं नाही, हे तिला कळतं. त्याला मधल्या सुट्टीत लांबून दिसणारी ती दुसऱ्या तुकडीची बाई आठवत राहील. १९६९ च्या पुरात तेवीस वर्षांची मुलगी समोर आल्यावर त्याला चेहरा ओळखीचा का वाटला, याचं उत्तरही वाचकाला इथे मिळेल. तुमच्या पहिल्याच प्रकरणात तसं वाक्य आहे, तुम्ही ते सहज लिहिलं असावं.

२०२४ मध्ये ती अठ्ठ्याहत्तर आणि तो बहात्तर. वाडा उतरवायची नोटीस लागलेली आहे. तो एकोणतीस वर्षांचा मुलगा कोणत्या दिवशी जिन्यावर पाय ठेवणार हे दोघांना पाठ आहे. म्हाताऱ्याला थोपवायचं आहे, कारण आईचं आजारपण आणि ते तीन आठवडे त्याला अजून छळतात. म्हातारीला थोपवायचं नाही. यावर त्यांचं भांडण होऊ द्या, चांगलं कडाक्याचं, त्रेचाळीस वर्षांच्या संसारात होतं तसं, औषधाच्या वेळेवरून सुरू होऊन तिथे पोचणारं. कोण जिंकतं हे तुम्ही ठरवा. पण जिन्याचे नियम पहिल्या प्रकरणापासून पक्के असतील, झालेलं बदलता येत नाही असं तुम्ही एकदा मान्य केलं असेल, तर शेवटी फसवू नका.

कापायचं असेल तर तिची पाचही स्वप्नं कापा, आणि चंद्राला उद्देशून लिहिलेलं प्रकरण. २०२४ ची प्रकरणं आधी लिहा. ती झाली की बहीण, स्थळ, नोट आणि पत्रं हातात घेऊन मधल्या बारा वर्षांकडे परत या. नव्वद पानं तुम्हाला पुरणार नाहीत असा माझा अंदाज आहे. नवा खर्डा झाला की पाठवा, मी वाचते.